तीनच वेळा

त्रिशलानं दोन्ही स्टार्टर घाटाच्या कोरड्या पायरीवर मांडले. एक जड, आत गिअर असलेला. दुसरा हलका, जुन्या जीपचा. होडीतल्या इंजिनाकडं बघत तिनं विचारलं, "आधीचा कशानं जळला?"

"दाब लय हाय इंजिनात," दादासो म्हणाले. गावाची होडी त्यांच्या ताब्यात असायची. "गेल्या पुरात धारेला चढंना, म्हणून हेड घासून आणलं तासगावातनं. आता असलं ताकदीचं झालंय, हँडल मारलं की उलटं येतंय." त्यांनी प्लॅस्टरमधलं उजवं मनगट पुढं केलं.

"अन् स्टार्टर तोच ठेवलात? झोपलेल्या पैलवानाला उठवायला तान्हं पोर धाडलंत, काका."

"बायका मोटरा बांधायला लागल्यापासनं बोलणी पण खावी लागत्यात." पण सकाळी सांगलीला फोन त्यांनीच केला होता. तिथलं अण्णाप्पांचं मोटर-दुरुस्तीचं दुकान आता त्यांची लेक त्रिशलाच चालवत होती.

पायरीवर उभा मल्हार हसला नाही. तो ओढ्यापलीकडं मळ्यातल्या घराकडं बघत होता. काल तो ओढा चप्पल न काढता ओलांडता येत होता. रात्रीत कृष्णेचं पाणी उलटं आत शिरलं आणि गावात आलेला तो अलीकडंच अडकला. घराच्या भिंती मातीच्या. आत त्याची बायको क्रांती आणि आठ दिवसांची मुलगी. धरणातून सोडलेलं पाणी दुपारी पोचणार होतं, आणि वल्ह्यानं ही धार कापत नव्हती.

"हा गिअरचा घ्या," त्रिशला म्हणाली. "कसलाही दाब असू दे, फिरवेल. पण याची भोकं जुळत नाहीत. पट्टी करून आणायची, नवी भोकं पाडायची. दुपार होईल."

"आन् ह्यो दुसरा?" मल्हारनं विचारलं.

"आत्ता बसेल. पण या दाबाला तो कमी आहे. बटण तीनदा दाबता येईल. चौथ्यांदा जळेल."

मल्हारनं खालच्या पायरीकडं पाहिलं. मघाशी दिसत होती. आता नव्हती.

"ह्योच बसवा, ताई."

"मग एक ऐका, मल्हारदादा. एकदा चालू झालं की त्यांना घेऊन परत येईपर्यंत बंद करायचं नाही. काही झालं तरी नाही."

"न्हाई करत."

वीस मिनिटांत तिनं स्टार्टर बसवला. मल्हारनं बटण दाबलं. स्टार्टरच्या मोटरनं जोर केला, काळा धूर आला, इंजिन लागलं. तो दोर सोडायला वाकला.

"थांबा रं!" त्याची आई, सुलाबाई, ताट सावरत पायऱ्या उतरत होती. ताटात खण, नारळ, तांदूळ. पुराच्या पाण्यात होडी घालायची तर आधी नदीची ओटी भरायची आणि ओटी भरताना इंजिन वाजू द्यायचं नाही. घातलेलं साकडं नदीला ऐकू गेलं पाहिजे. या गावात कधी कुणी हे मोडलं नव्हतं.

दादासोंनी डाव्या हातानं इंजिन बंद करायची दांडी ओढली. इंजिन थांबलं.

"काका!"

"कृष्णाआईपुढं घरघर करू ने, पोरी. दोन मिन्टाचं काम."

सुलाबाईनं ओटी पाण्यात सोडली. "आई, लेकरू हाय गं आठ दिसाचं. माझं मला सुखरूप दे." सगळ्यांनी हात जोडले. त्रिशलानंही जोडले. मग तेच हात तिनं मोटरवर ठेवले आणि चटका बसून लगेच उचलले.

मल्हारनं पुन्हा बटण दाबलं. मोटर कण्हली. इंजिन अर्धा फेरा फिरून जागीच उभं राहिलं. जळक्या वार्निशाचा वास आला.

"लाग की रं, गड्या," मल्हार इंजिनाला म्हणाला आणि परत बटण दाबलं.

लागलं.

होडी पायरीपासून सुटली तसा तो त्रिशलाकडं वळला आणि एक बोट वर केलं. अजून एक हाय. इंजिन दोनदा लागलं, म्हणून त्यानं दोनच धरले होते. मधला वाया गेलेला त्याच्या हिशोबातच नव्हता.

"नाही! संपले!" ती ओरडली. दोन्ही हात हलवले. इंजिनाच्या आवाजात शब्द बुडाले. ती निरोप देते आहे असं वाटून त्यानंही हात हलवला.

होडीनं धार तिरकी कापली. खळ्याएवढा जलपर्णीचा थर आडवा आला, तो त्यानं चुकवला. ओढ्याच्या मधोमध नाक जरा वाहवलं, पुन्हा सरळ झालं. घाटावर दादासो अभिमानानं म्हणाले, "बघा, कशी चढती!"

पलीकडं होडीचं नाक पडवीला टेकलं. क्रांती बाहेर आली. दोन्ही हातांत दुपट्यातलं बाळ. पाण्यात उतरायला तिनं एक पाय पुढं टाकला आणि मागं घेतला. इंजिन तिच्या पुढ्यातच धडधडत होतं. तिनं बाळाचा कान छातीशी दाबला. मल्हार हातानं बोलावत होता, ये, ये. ती येईना. मग तिनं एक हात सोडवला, तळवा खाली करून दोनदा दाबला.

बंद कर.

"लेकरू दचकतंय तिचं," सुलाबाई हसली. "कर बाबा घटकाभर बंद."

त्रिशला गुडघाभर पाण्यात गेली होती. ओरडून तिचा आवाज फाटला.

मल्हारनं मान डोलावली आणि दांडीकडं वाकला.

ओढा एकदम शांत झाला. बाळाचं रडणं अलीकडच्या पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.