घड्याळजींची सुटका

“भावोजी, घड्याळजी सुटतायत! उद्या सकाळी!”

वहिनी छापखान्यात शिरल्या त्या वर्तमानपत्र फडकावतच. जुळाऱ्याच्या हातातली जुळवलेली ओळ निसटली आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जमिनीवर सांडले. उभं आयुष्य खिळे जुळवण्यात गेलेल्या माणसाच्या हातून असं सहसा होत नाही.

“सुटतायत म्हणजे?” तो खाली बसून खिळे वेचू लागला.

“म्हणजे सुटतायत! मंत्र्यांनी स्वतः जाहीर केलंय. म्हातारपण बघून दया दाखवली म्हणे. दया कसली, आपल्या वाचकांनी पत्रं धाडून धाडून नाकी नऊ आणले त्यांच्या. आणि तुमचा चेहरा असा का?”

जुळारी हसला. हसला म्हणजे ओठ ताणले. कारण घड्याळजी नावाचा कैदी जगात कुठेच नव्हता. तो त्यानेच बनवला होता.

पत्रिका चार पानांची. युद्धाला विरोध केला म्हणून आत गेलेल्यांसाठी वहिनी ती चालवायच्या. शेवटच्या पानावर चौकटी असत, एकेका चौकटीत एकेक कैदी: नाव, थोडी हकिकत, तुरुंगाचा पत्ता. वाचकांनी त्यांना पत्रं लिहायची. पहिली चौकट दादाची. दादा म्हणजे वहिनींचा नवरा, जुळाऱ्याचा थोरला भाऊ. तोफांच्या कारखान्यासमोर तो रस्त्यात जाऊन बसला, तो अजून उठून घरी आलेला नाही.

मागे एकदा ऐन छपाईच्या वेळी एक कैदी सुटल्याचा निरोप आला. गोष्ट आनंदाची, पण पानाला भोक पडलं. वहिनी दादाला भेटायला गेलेल्या. मोकळी चौकट जुळाऱ्याच्याने बघवत नसे. त्याने आपल्या आजोबांचं नाव घेतलं, समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं आडनाव घेतलं आणि एक म्हातारा घड्याळजी तिथे बसवून टाकला. बॉम्बची घड्याळं दुरुस्त करायला नकार दिला म्हणून आत टाकलेला, मागेपुढे कोणी नसलेला. पुढच्या अंकात काढून टाकू, असं त्याने ठरवलं होतं.

पण पुढचा अंक निघेपर्यंत म्हाताऱ्याने वाचकांना वेड लावलं. पत्रिका तेव्हा शेवटचे आचके देत होती. अंकांच्या घड्या घालायला वहिनी आणि तो, दोघंच उरले होते. घड्याळजी आले आणि शाळामास्तर आले, नर्सबाई आल्या, शेजारचा न्हावीसुद्धा दुकान बंद करून घड्या घालायला येऊन बसू लागला. कोणी घड्याळजींना पुस्तकं धाडली, कोणी स्वेटर विणला. सगळं तुरुंगाच्या पत्त्यावर गेलं आणि त्यातलं काहीही परत आलं नाही. सरकारी गलथानपणा, दुसरं काय! जुळाऱ्याने त्या गलथानपणाला मनातल्या मनात हात जोडले होते.

आता मात्र गळ्याशी आलं होतं.

“वहिनी, त्या घड्याळजींचं जरा…”

“ठाऊक आहे मला. तुम्हाला गर्दी नको वाटते. पण उद्या यायचंच, सांगून ठेवते.” वहिनींनी वर्तमानपत्राची नीट घडी केली. “उद्या ते बाहेर आले ना, की पुढचं नाव ह्यांचं. आपण खोटं छापत नाही, हे आता मंत्र्यांनीच कबूल केलंय की.”

“आणि समजा, नाही आले बाहेर?”

वहिनींचा चेहरा उतरला. “असं अभद्र बोलू नका. ही माणसं थापाडी आहेत, असं सरकारवाले आपल्याला आधीच म्हणतात. मग ह्यांचं काही खरं नाही, भावोजी.”

उरलेला दिवस जुळारी छापखान्यात नुसता येरझाऱ्या घालत राहिला. न्हावी म्हणाला, “अरे, सुटतोय तो आणि पाचावर धारण तुझी!” सगळे हसले.

सकाळी तुरुंगाच्या फाटकासमोर ही गर्दी. फलक, फुलं, वर्तमानपत्रांचे बातमीदार. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. आतून कोणी येणार नव्हतं. थोड्या वेळाने एखादा अधिकारी येऊन म्हणणार होता, असा कैदी आमच्याकडे नाहीच. त्याच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं. माझं पाप माझ्या माथी, वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. निदान दादा तरी वाचेल.

तो फाटकाजवळच्या कट्ट्यावर चढला.

“मंडळी, मला एक सांगायचंय. हे घड्याळजी…”

“जिंदाबाद!” गर्दी गरजली.

“अहो, ऐका! हे घड्याळजी…”

“जिंदाबाद!”

तेवढ्यात फाटकातलं लहान दार करकरलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एक शिपाई बाहेर आला. त्याच्यामागून एक म्हातारा वाकून बाहेर पडला. अंगात हाडं आणि कातडं एवढंच. उन्हाने त्याचे डोळे दिपले होते. शिपायाने हातातला कागद बघून मोठ्याने नाव वाचलं. जुळाऱ्याच्या आजोबांचं नाव, दुकानाच्या पाटीवरचं आडनाव.

“हजर,” म्हातारा म्हणाला.

मग काय विचारता! वहिनी रडत पुढे धावल्या, त्यांनी फुलं म्हाताऱ्याच्या हातात कोंबली. नर्सबाईंनी त्याला धरलं. सगळीकडून त्या नावाचा गजर सुरू झाला. जुळारी कट्ट्यावरून उतरला आणि आ वासून बघत राहिला. त्या एवढ्या गर्दीत न ओरडणारा तोच एकटा होता.

म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं असावं. वाट काढत तो जुळाऱ्यापाशी आला. त्याने त्याचा दंड घट्ट धरला आणि कानाशी तोंड नेलं.

“भाऊ, काल दिवसभर जेलरसाहेबांनी माझ्याकडून नाव पाठ करून घेतलं होतं. ह्या गडबडीत विसरलो बघा. काय नाव माझं?”