शिलंगणाचा बार

दसऱ्याला शिलंगणाच्या वेळी शिवेवर पाच बार काढायचा मान खुशालराव पाटलांचा. वडिलांचं गंजून पडलेलं पिस्तूल त्यांनी अकोल्याच्या वजीर मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतलं होतं, सकाळी पाटावर मांडून पुजलं होतं, आणि मिस्त्रीलाही मुद्दाम गावी बोलावलं होतं. पहिला बार निघाला. दुसरी गोळी काही केल्या वर सरकेना.

"दोन महिने काय झक मारली रे?" पाटील सगळ्यांदेखत कडाडले. "थू तुह्या कारागिरीवर!"

म्हाताऱ्या मिस्त्रीनं मॅगझिन काढून त्यातल्या गोळ्या बाहेर काढल्या, ते तळहातावर उलटं ठोकलं आणि पटकन मूठ मिटली.

"चूक माहीच हाय, पाटील. स्प्रिंग कमजोर बसली."

सगळं गाव खो खो हसलं. पाटलांनी गोळ्या पुन्हा भरल्या. मग मात्र उरलेले चारही बार धडाधड निघाले आणि लोक सोनं वाटत देवळाकडे गेले.

तेव्हा मागं राहिलेल्या पाटलांपुढे मिस्त्रीनं मूठ उघडली. कुंकवानं लाल झालेले तांदळाचे पाच-सहा दाणे.

"पूजेचे हायत, पायाखाली कसे टाकू?"

सकाळी मॅगझिन वेगळं मांडून त्याच्या उघड्या तोंडावर अक्षता वाहणारा हात पाटलांचाच होता. दाणे घेण्याआधी त्यांनी मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांना हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याची जेवढी लाज वाटली, तेवढी अडकलेल्या गोळीचीही वाटली नव्हती.