उद्या संध्याकाळपर्यंत ब्रश नको

फोटोत दोघी बहिणी होत्या. बदलापूरहून निरोप आला: उजवीकडची नाही, डावीकडची.

दातांच्या दवाखान्यातला ट्रे: कापसाचे बोळे. छोटा ब्रश. पिवळ्या औषधाची ट्यूब.

रसवंतीवर ग्लास संपला की धाकटी मैत्रेयी तळाचा बर्फ कडाकडा चावते.

“मोठी घरात असताना धाकटी?” आई म्हणाली.
“आलेलं स्थळ परतवायचं नाही,” बाबा म्हणाले. विषय संपला.

उजवीकडची माया. सत्तावीस वर्षांची, उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये दातांच्या दवाखान्यात मदतनीस. डावीकडची तिची धाकटी बहीण, मैत्रेयी. बदलापूरच्या सम्यकचं स्थळ मायासाठीच आलं होतं. पण मायाचा एकटीचा चांगला निघालेला फोटोच नव्हता, म्हणून आईनं दोघींचा पाठवला.

सम्यकचा फोटो मायानं अजून पर्समधून काढला नव्हता.

“ताई, बाबांना किती सांगितलं,” मैत्रेयी म्हणाली. “तुझ्याआधी माझं, बरं दिसतं का?”
“नाटकं नकोत. मनात उकळ्या फुटतायत तुझ्या.”

शुक्रवारी जेवताना मैत्रेयीनं गाल धरला.
“थंड पाणी लागतं गं दातांना. तुमच्याकडे लावतात ना काहीतरी?”

मायाचा घास हातातच राहिला. रविवारी पाहुणे येणार होते.
“लावतात. फ्लोराइडचं वार्निश. शाळेतल्या पोरांना लावतो आम्ही, दात किडू नयेत म्हणून. ये उद्या.”

ते ब्रश करेपर्यंत दातांवर पिवळं दिसतं, हे तिनं सांगितलं नाही.

शनिवारी मोटवानी मॅडमनी मैत्रेयीच्या तोंडात आरसा फिरवला.
“कीड नहीं है. लेकिन हे पांढरे डाग बघ, माया. इथूनच सुरुवात होते. वार्निश से रुक जाएगा.” मग हात थांबवून म्हणाल्या, “कल कहीं जाना-वाना तो नहीं?”
“नाही मॅडम,” माया घाईनं म्हणाली.
मॅडम मैत्रेयीकडे बघत होत्या. “पक्का?”
मैत्रेयीच्या तोंडात कापूस होता. तिनं मान हलवली.

मायानं दात कोरडे केले, मॅडमनी ब्रश फिरवला. नंतरच्या सूचना द्यायचं काम मायाचं. एरवी ती सांगायची, आज मऊच खा, सकाळी ब्रश करा. बहिणीला तिनं सांगितलं, “उद्या संध्याकाळपर्यंत ब्रश नको. नाहीतर सगळं वाया.”
“बरं, ताई.”

रविवारी बुवापाड्यातल्या त्यांच्या खोलीत पाहुणे दाटीवाटीनं बसले. आईनं मायाला आत ओढलं.
“तू बाहेर येऊ नकोस हं. उगाच तुलना होते.”

माया पडद्याआड उभी राहून पोह्यांवर खोबरं घालू लागली. ओठ दाताखाली.

“स्वयंपाक येतो का गं?” सम्यकच्या मावशीनं विचारलं.
“येतो. भात तेवढा करपतो,” मैत्रेयी म्हणाली आणि हसली. एरवी ओठ मिटून हसणारी पोरगी, आज दाढांपर्यंत.

हस, मायाच्या मनात आलं. अजून हस.

“ताई!” मैत्रेयीनं बाहेरून हाक मारली. “पाणी आण ना गं!”

आईनं डोळे वटारले, पण हाक सगळ्यांनी ऐकली होती. माया ट्रे घेऊन बाहेर गेली. ग्लास उचलताना सम्यकनं वर पाहिलं, आणि पाणी प्यायचं विसरला.

मंगळवारी कुमुदिनीकाकूंचा फोन आला. स्थळ त्यांनीच आणलं होतं.
“पोरगी गोड आहे हो, पण दात? या वयात मिसरी लावते की काय? ते विचारतायत, पाणी दिलं ती मोठी ना? तिचं जमवायचं का?”

आईनं मायाला मिठी मारली. माया आईच्या खांद्यावरून बहिणीकडे बघत होती. मैत्रेयी रडत नव्हती, चिडत नव्हती, डब्यातली साखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवत होती.

“तुला काहीच वाटत नाही?” मायानं विचारलं. तिला ते सहन होईना. “जरासुद्धा?”
“वाटतं ना. जळफळाट नुसता,” मैत्रेयी म्हणाली. “तोंड उघड.”

आदल्या आठवड्यात, मायाची सुट्टी होती त्या दिवशी, मैत्रेयी एकटीच कॅम्प पाचला जाऊन मोटवानी मॅडमना विचारून आली होती, रविवारी एका दिवसापुरते दात पिवळे दिसतील असं तुमच्याकडे काही आहे का.