आधी विहिरीला

या, जरा जवळ सरकून बसा. हातातली माळ चालू राहू द्या, तिच्यासकटच ऐका. धुळ्याजवळच्या एका विहिरीची गोष्ट सांगतो. एका गोळीएवढीच आहे.

धुळ्यातल्याच देवपूरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नूतन यंत्राच्या पडद्याकडे बघत उभी होती. पाण्यात मिसळलेली औषधं वेगळी काढायची, हे तिचं काम. माणसं गोळ्या घेतात, त्यातलं थोडं मोरीतून नदीला मिळतं, आणि साध्या गाळणीतून ते सहज निसटतं. म्हणून नूतनने केसाहूनही कितीतरी बारीक धाग्यांचं एक पातळ कापड तयार केलं होतं. पाणी त्यातून पार जाई, औषध धाग्यांना चिकटून राही. मग कापड धुवायचं आणि काय चिकटलं होतं ते यंत्राला विचारायचं.

दवाखान्यामागच्या नाल्याचं पाणी गाळून झालं होतं. तुलनेला चांगलं पाणी हवं, म्हणून तिने घरच्या मळ्यातल्या विहिरीचं आणलं. ही विहीर तिच्या वडिलांनी, निंबा आबांनी, स्वतः खोदलेली. तिच्याच काठावर मागच्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. सप्ताहाच्या पंगतीला पाणी इथलंच. कीर्तनकारबुवा तांब्या तोंडाला लावत आणि म्हणत, "निंबाभाऊ, हे पाणी नाही, तीर्थ आहे."

त्या तीर्थात यंत्राने रक्तदाबाची गोळी दाखवली.

"कॅन धुतला नसशील," शेजारच्या टेबलावरची कामिनी म्हणाली. "नाहीतर तुमच्या विहिरीलाच बीपी झालाय."

नूतन हसली. नव्या कॅनमधून पुन्हा पाणी आणलं. पुन्हा तीच गोळी. मग मात्र तिचं हसू मावळलं. त्या गोळीचं नाव तिला पाठ होतं. तिच्या आईला, भिकुबाईला, तीच चालू होती. आणि आईचा दाब काही केल्या उतरत नव्हता. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, वर बजावलं, "असंच राहिलं तर लकवा मारायची भीती आहे." गोळी घेतेस ना, असं विचारलं की भिकुबाईचं एकच उत्तर, "रोज लेस ना, बाई." आणि भिकुबाई खोटं बोलणारी नव्हे.

रविवारी सकाळी नूतन आईच्या मागोमाग मळ्यात गेली. भिकुबाईने विहिरीच्या काठावर फूल ठेवलं. पदराची गाठ सोडून गोळी काढली, कपाळाला लावली आणि अलगद पाण्यात सोडली. मग बादली शेंदली आणि ओंजळभर पाणी प्याली.

"माय, हाई काय शे?"

"त्यास्ना आधी मी कधी तोंडमा घास टाका का?" भिकुबाई शांतपणे म्हणाली. "त्यास्ले बी बीपी व्हतं. आधी त्यास्ले, मंग माले. पानीमाईन गोयी परत येसच ना. प्रसाद शे तो."

एवढ्या पाण्यात एक गोळी कुणाला पुरणार, हे सगळं शास्त्र नूतनच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं. आईशेजारी काठावर बसली.

"माय, सप्ताहमा देवले निवद दखाडतस. मंग तो कोन खास?"

"आपुनच."

"मंग आबाले बी गोयी दखाड. आनी तू खाय."

भिकुबाईने वाकून विहिरीत पाहिलं. "आनी त्यास्ले काय?"

"देवले भाव पुरस, तसा आबाले बी पुरी."

दुसऱ्या दिवसापासून गोळी विहिरीच्या काठावर तुळशीच्या पानावर क्षणभर ठेवली जाऊ लागली, आणि मग भिकुबाईच्या तोंडात. सप्ताह जवळ आला तोवर तिचा दाब उतरला होता. नूतनने विहिरीचं पाणी पुन्हा गाळलं. धाग्यांना काहीच चिकटलं नव्हतं. जे कापड औषध पकडण्यासाठी तिने इतकं झटून केलं, ते रिकामं निघालं म्हणून ती प्रयोगशाळेत उभ्या उभ्या रडली. कामिनीला वाटलं, प्रयोग फसला.

तेव्हा माउलींनो, उद्या सकाळची गोळी तळहातावर घ्याल, तेव्हा जरा थांबा आणि निंबा आबांची आठवण काढा. मग मात्र ती गिळा.