दहा दिवसांचा निरोप

"दहा दिवस," तात्सुमे पुन्हा म्हणाली. "अकरावा नाही."

देवळाच्या अंगणात तिला गुडघ्यांवर बसवलं होतं. हात मागे बांधलेले, मिठाची टोपली पुढ्यात. मीठ विकायच्या निमित्ताने ती छावणीत शिरली होती आणि मीठ घ्यायला आलेल्या शिपायालाच तिने सांगितलं होतं, मला तुझ्या सरदाराकडे ने, निरोप आहे.

निरोप साधा होता. एकाच घराण्यातले दोन चुलतभाऊ गादीसाठी भांडत होते आणि दोघांची सैन्यं यामाशिरोच्या खोऱ्यात, नदीच्या दोन काठांवर तळ ठोकून बसली होती. दोघांनीही खोरं सोडून जायचं. वाटेवरची नवी जकातनाकी उखडायची. दहा दिवसांत जो जाणार नाही, त्याच्यावर सगळी गावं मिळून चाल करतील. पैलतीरावरही आज हाच निरोप घेऊन कुणीतरी गेलं होतं.

कुसाका पोट धरून हसला. तो सेनापतीने पाठवलेला परमुलखातला माणूस. इथल्या सरदारांवर नजर ठेवायची, एवढंच त्याचं काम. "ऐकलंस का, गेन्शिरो? मीठवाली आपल्याला हाकलायला आलीये!"

गेन्शिरो हसला नाही. छावणीचा सरदार तो. तात्सुमेला कुसाकापेक्षा त्याचाच जास्त संताप येत होता. कुसाका बोलूनचालून परका. हा मात्र याच खोऱ्यातला, दोन गावं वर याच्या बापाची शेतं. आणि याचेच शिपाई पुलाच्या फळ्या शेकोटीत घालत होते, नुकत्या उगवलेल्या सातूत घोडे बांधत होते. समुद्रावरून निघालेलं मिठाचं ओझं बारा नाकी ओलांडून येईतो अर्धं उरायचं. यंदा मुळे खारवायला मीठच मिळालं नव्हतं. घरोघरी मुळ्यांची पिंपं सडली, आणि हिवाळा तर अजून सगळा पुढेच होता.

"कोणी पाठवलं तुला?" गेन्शिरोने विचारलं.

"देवाने. देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली."

"करार लिहिला असेल. सह्या केल्या असतील."

"केल्या की. पण गोल, छत्रीच्या काड्यांसारख्या. पहिला कोण नि शेवटचा कोण, कुणाच्या बापाला कळू नये."

"कागद कुठे आहे?"

"जाळला. राख पाण्यात कालवली आणि सगळे प्यालो."

कुसाका उठला. "मग हिचं पोटच फाडून बघू या."

"बघा ना. सह्या सापडल्या तर मलाही वाचून दाखवा. मला वाचता येत नाही."

मागे उभ्या असलेल्या दोन शिपायांना एकदम खोकला आला.

गेन्शिरोने तलवार उपसली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "सभेत बोललं कोण? पुढारी कोण होते?"

"तोंडं बांधलेली, डोक्यावर इरली. नाक चिमटीत धरून बोलायचं, अशी रीत. सख्खा दीर समोर असता तरी मला कळलं नसतं."

"एक नाव सांग," तो म्हणाला. "अंदाजाने सांग. कुणाची चाल ओळखली असशील, कुणाचं खाकरणं. एकच नाव, आणि तू आत्ता घरी जाशील."

तात्सुमे घाबरली होती. तेलवाल्या सोकेईचं नाव तिच्या जिभेवर येऊन थांबलं. लढाईचं निमित्त करून त्याने तेलाचा भाव तिप्पट केला होता. त्याला उचलून नेलं असतं तर अर्धं गाव सुखाने जेवलं असतं. पण त्यानेही ते पाणी प्यायलं असेल तर?

"नाव हवंय ना? घ्या लिहून," ती म्हणाली. "तात्सुमे. दुसरं मला येत नाही."

पातं तिच्या मानेवर टेकलं. तिने डोळे मिटले नाहीत. मरायचंच असेल तर या फितुराच्या झोपेचं खोबरं करून मरायचं, असं ठरवून ती त्याच्या तोंडाकडे रोखून बघत राहिली.

"हिला खरंच काही माहीत नाही," गेन्शिरो शेवटी म्हणाला.

"मग उडव मान."

"मेलेली बाई उत्तर कशी नेणार? आपण इथून हलत नाही, हे त्यांना कळायला नको?"

कुसाकाने तोंड वाकडं केलं. "तुझी माणसं, तुझं तू निस्तर."

गेन्शिरोने टोपलीला लाथ घातली. मीठ चिखलात सांडलं आणि त्यावरून तो पायताणांनिशी चालला. धारेखाली न हललेली तात्सुमे आता मात्र कळवळून ओरडली. तेवढ्या मिठात तीन घरांचा हिवाळा निघाला असता.

"अन्नाला लाथ मारतोस, मेल्या? या मातीत जन्मलास, लाज नाही वाटत?"

दोरीला धरून त्याने तिला सगळ्या छावणीदेखत फरफटत नेलं, पार नदीच्या बांधापर्यंत. कुसाका देवळाच्या दारात उभा राहून बघत होता. बांधावर पोचल्यावर गेन्शिरोने दोरी कापली. तात्सुमेने मनगटं चोळली आणि त्याच्या पायांवर थुंकली.

"दहा दिवस," ती म्हणाली. "एकही जास्त नाही."

गेन्शिरोने देवळाकडे पाठ केली.

"सभेत मी घसा फोडून सांगत होतो, पाचच दिवस द्या म्हणून," तो हळूच म्हणाला. "माझ्या शेजारी बसून दहा-दहा तूच करत होतीस, म्हातारे."