आधी तू जा

लातूरच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात एकच जागा उरली होती आणि वेटिंगवर आम्ही दोघीच होतो, सारख्याच मार्कांच्या. धाराशिवच्या या खासगी कॉलेजात दोघींनाही जागा मिळाली होती, पण इथं मूळ टीसी जमा केली, की लातूरच्या यादीतून नाव जाणार. जमा करायला मुदत पाचपर्यंतच. माकणीहून एकाच एसटीनं आलेल्या आम्ही सकाळपासून खिडकीसमोरच्या बाकावर "आधी तू जा" म्हणत बसलो होतो. पाचला दहा मिनिटं उरली तेव्हा मी मोबाईल उगाच कानाला लावला आणि चैतालीला म्हणाले, "लातूरचा फोन होता. माझा नंबर लागला." तिनं मला कवटाळलं आणि पळत जाऊन टीसी दिली. परत आली ती हसतच. "मी कवाच देणार होते गं, पण तुझं कळल्याबिगर पाय निघंना. आण फोन, काकूला सांगू." फोनवरची मूठ उघडेना.