काळीपिवळी

भोकरदनच्या स्टँडमागे प्रेमला गाड्यांच्या सीटा शिवते. आबाराव दलालानं आणलेल्या जुन्या पांढऱ्या मोटारीची मागची सीट तिनं उसवली, तर आत स्प्रिंगांत फॅक्टरीचा कागद अडकलेला. त्यावर गाडीचा चेसिस नंबर, तारीख आणि रंग: काळा-पिवळा, टॅक्सी. "फाड तो जल्दी," आबाराव म्हणाला. "कलेक्टरची गाडी म्हणून विकून राह्यलो. काळीपिवळीला कोण विचारतं?" प्रेमलाचा बाप जालन्याच्या रस्त्यावर तीस वर्षं काळीपिवळीच चालवत होता. नवं कव्हर शिवताना तिनं कागद पारदर्शक प्लास्टिकखाली मधोमध ठेवला आणि चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली. सीट गाडीत बसवली, तेवढ्यात पुण्याचं गिऱ्हाईक दारात उतरलं. सीटवरचा कागद दिसताच आबाराव दबक्या आवाजात म्हणाला, "उसव ते." प्रेमलानं कात्री त्याच्या हातात दिली. "तुम्हीच उसवा. मंग सांगा, कलेक्टरसायब फाटक्या सीटवर बसत होते म्हणून."